सर्वांत कमी दराचे ब्रेक

सायकलला ब्रेक टाकून घ्यायचे ठरले, तेव्हा मंठ्यातल्या त्या भाड्याच्या दोन खोल्यांत धोक्याची कल्पना कुणालाच आली नाही. कौसल्याचं म्हणणं अगदी साधं होतं. तिला वरखेडीच्या शाळेत शिक्षिकेची ऑर्डर आली होती. पंधरा तारखेला सकाळी अकराच्या आत रुजू व्हायचं, नाहीतर ऑर्डर रद्द आणि यादीतला पुढचा उमेदवार आत. वरखेडी पाच मैलांवर, आणि तिकडची एकुलती एक एस.टी. संध्याकाळची. म्हणजे नवऱ्याच्या सायकलवर मागं बसून जाणं आलं. ती सायकल थांबवायची तर नवऱ्याला दोन्ही चपला जमिनीवर घासाव्या लागत.

"पंक्चरवाल्या कचरूकडं न्या, ब्रेक टाका," ती म्हणाली. "घंट्याभराचं काम हाय."

पण तिचा नवरा त्रिंबक हा घंट्याभरात काम उरकणारा माणूस नव्हता. तो सरकारी कचेरीत स्टोअरचा क्लार्क होता. झाडू घ्यायचा तरी तीन दुकानांची कोटेशनं मागवायची, तक्ता मांडायचा आणि सर्वांत कमी दर मंजूर करायचा, हा नियम त्याच्या अंगात भिनला होता. (कौसल्याला पसंत करण्याआधी त्यानं आणखी दोन मुली पाहिल्या होत्या. तक्ता मांडला होता का, हे तिनं अजून विचारलेलं नाही.)

"मधी घाट हाय," तो गंभीरपणे म्हणाला. "नुसत्या ब्रेकनं भागायचं न्हाई. गिअर बी पाहिजेत."

"घाट कुठला, टेकाड हाय ते."

"चढ हाय ना? मंग."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून तो जुन्या जालन्यात पुंजारामच्या सायकलच्या दुकानात जाऊन बसला. सळईचे ब्रेक, वायरचे ब्रेक, पायडल उलटं मारलं की लागणारे पायब्रेक. मागच्या चाकाच्या डब्यात लपलेले तीन गिअर, नाहीतर चेन एका चकतीवरून दुसरीवर उडवणारे पाच गिअर. पुंजारामनं सगळं सांगितलं, त्रिंबकनं सगळं लिहून घेतलं.

"तीनवाले टिकतेत, पाचवाले पळतेत," पुंजाराम शेवटी दमून म्हणाला. "पण सायब, जायचं कुठं हाय तुमाला?"

"वरखेडीला."

"मंग टेकाडावर उतरून ढकला की. खर्चा कशाला करता?"

त्रिंबकनं तक्त्यातल्या शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'विक्रेता उत्साही नाही.'

दुसरं कोटेशन शेजारच्या दुकानातून मिळालं. असे गिअर ठेवणारं तिसरं दुकानच नव्हतं, आणि दोन कोटेशनांवर फाईल पुढं सरकत नाही. तेरा तारखेला बाजारातून येताना तो कौसल्यासकट मंठ्यात लिंबाखाली पंक्चर काढणाऱ्या कचरूकडे गेला. "एक कोटेशन लिहून दे. नुसतं नियमापुरतं. तुझ्याकडून घेणार न्हाई."

कचरूला जन्मात कुणी लेखी दर मागितला नव्हता. त्यानं आनंदाच्या भरात हैदराबादच्या जुन्या बाजारातून आणलेल्या भंगाराचे दर लिहून दिले. ते सर्वांत कमी निघाले, आणि मग साक्षात त्रिंबकचाही इलाज चालेना. पाच गिअर कचरूचे मंजूर झाले, पायब्रेकही कचरूचेच मंजूर झाले.

"काय करून राह्यले तुमी?" कौसल्यानं विचारलं.

"तुलना चालू हाय."

"परवा पंधरा तारीख हाय." तिच्या आवाजातली भीती त्याला ऐकू आली, पण भीतीला तक्त्यात रकाना नव्हता.

चौदाला कचरूनं डोकं खाजवलं. "सायब, ब्रेकसाठी पायडल उलटं माराल तर ही गिअरची चेन ढिली पडून उतरंल. दोन्ही एका सायकलीत जमत न्हाईत."

"कोटेशन तुझंच हाय ना?"

"हाय."

"मंजूर झालंय. बसव."

गिअरची तुलना गिअरशी झाली होती, ब्रेकची ब्रेकशी. दोघांचं एकमेकांशी पटतं का, हे छापील तक्ता विचारत नव्हता. कचरूनं ठोकून ठोकून बसवलं.

पंधराला सकाळी स्वारी निघाली. टेकाडाच्या पायथ्याशी गिअर सर्वांत जड चकतीवर अडकला तो हलेचना. कौसल्या उतरून पुढं चालू लागली, त्रिंबक ढकलत मागून आला. (पुंजारामचा सल्ला त्यानं फुकटात अंमलात आणला.) माथ्यावर पोचेस्तोवर पावणेअकरा झाले.

"बस. आता उतार हाय."

"ब्रेक बराबर लागतेत का?"

"तीन कोटेशनं मागवून घेतलेत," त्रिंबक म्हणाला आणि सायकल सोडली. वळण आलं तसं त्यानं पायडल उलटं मारलं. चेन उतरली, आणि गिअर, ब्रेक दोघंही एकदमच कामावरून सुटले. बकऱ्या बाजूला पळाल्या. कौसल्यानं एका हातानं नवऱ्याचा सदरा धरला, दुसऱ्यानं ऑर्डर. त्यातलं एक सोडायची वेळ आली असती तर काय सुटलं असतं, हे त्रिंबकनं पुढं कधी विचारलं नाही. शाळेशेजारच्या कडब्याच्या गंजीत सायकल घुसली आणि थांबली.

हेडमास्तर सर्जेराव घड्याळ बघत दारात उभे होते. अकराला पाच कमी. कौसल्यानं साडीवरचा कडबा झटकला आणि हजेरीपटावर सही केली. तिच्या घराण्यात अशी सही करणारी ती पहिली बाई.

"आणि हे कोण?" सर्जेरावांनी गंजीकडे बोट केलं.

"सोडायला आलेत," ती म्हणाली.

"बघितलं?" तोंडातला कडबा काढत त्रिंबक म्हणाला. "हा गिअर-ब्रेकचा सेट नसता तर वेळेत पोचलो असतो का?"

त्या रात्री जेवण झाल्यावर तिनं त्याच्याकडून एक कोरा तक्ता मागून घेतला. रोज वरखेडीला जायची सोय: अप्पारावची बैलगाडी, बाजारातला टांगा आणि नवऱ्याची सायकल. त्रिंबकची नजर थेट दराच्या रकान्यावर गेली. सायकलीपुढं 'फुकट' लिहिलं होतं.

"सर्वांत कमी," तो समाधानानं म्हणाला. "नियमानं मीच मंजूर."

"शेरा वाचा," कौसल्या म्हणाली.

त्यानं वाचला. 'तिसरं कोटेशन नुसतं नियमापुरतं. घेणार न्हाई.'