बुधवारचा वर्ग

"नवी नवरी आहे ती. तिचं घरून काम म्हणजे घरचंच काम," साहेब हेडक्लार्कना सांगत होते. "महिनाभर बघू. अर्ज तुंबले, की सवलत बंद!"

मी कपाटामागेच फाइल शोधत होते. (मी कुठेही उभी असले तरी कुणाच्या लक्षात येत नाही. कमी बोलण्याचा हा एक फायदा.)

आमच्या जन्मदाखल्यांच्या कार्यालयात नवं कुटुंबस्नेही धोरण आलं होतं: आठवड्यातून एक दिवस घरून काम. मी बुधवार मागितला. कारणाच्या रकान्यात 'कौटुंबिक जबाबदारी' असं लिहिलं. खरं कारण असं, की बुधवारी नवरा कामावर आणि सासूबाई दिवसभर मैत्रिणींकडे असतात. आणि लग्न झाल्यापासून मी घरात तासभरही एकटी बसले नव्हते.

साहेबांचं वाक्य मी घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. वाटलं, त्या जरा हळहळतील. त्या तीस वर्षं मुख्याध्यापिका होत्या, हे मी साफ विसरले.

"असं म्हणाले? आपल्या घराबद्दल?" त्यांनी चष्मा चढवला. "मैत्रिणींना कळवते, आता बुधवारी जमायचं नाही."

बुधवारी उठले तर भिंतीवर वेळापत्रक! पंचेचाळीस मिनिटांचा एक, असे आठ तास. तास संपला की त्या चमच्यानं ताटली बडवायच्या.

"आई, जरा पाणी पिऊन येते."

"मधल्या सुट्टीत."

"आई, दारात कुणीतरी आलंय."

"मी आहे ना? मान खाली."

नवऱ्याचा फोन आला, तर "ती वर्गात आहे" म्हणून त्यांनी तो ठेवून दिला.

ऑफिसात माझ्या हातून दिवसाला पंधरा दाखले निघतात. (चहा धरून.) त्या बुधवारी त्रेसष्ट निघाले. पुढच्या बुधवारी एक्याऐंशी.

साहेबांना संशय आला. चौथ्या बुधवारी ते हेडक्लार्कना घेऊन थेट घरी थडकले.

"तास चालू आहे. बसा," सासूबाई म्हणाल्या.

दोघं बसले. हेडक्लार्क साहेबांच्या कानात काहीतरी पुटपुटले.

"बोलायचं असेल तर बाहेर."

"नाही बाई," म्हणत साहेबांनीच पाय जुळवले आणि हाताची घडी घातली.

ताटली वाजली. साहेबांनी माझे दाखले तपासले. एकही चूक नव्हती. ते भारावून गेले.

"बाई, आमच्या ऑफिसलाही अशीच शिस्त हवी. आठवड्यातून एक दिवस याल का?"

हेडक्लार्कनी सासूबाईंच्या पाठीमागून मला चक्क हात जोडले. माणसाचे तीन वेळचे चहा पणाला लागले होते.

"येईन की," सासूबाई चक्क लाजल्या. "फक्त बुधवार सोडून. बुधवारी हिचा वर्ग असतो."

नोकरीला लागल्यापासून साहेबांसमोर मी 'हो साहेब'च्या पुढे कधी गेले नव्हते. आता मात्र उभी राहिले आणि ठरवलं होतं त्यापेक्षा बरंच मोठ्यानं म्हणाले, "साहेब, बुधवारीच न्या हो! आणि सकाळी लवकर न्या!"