अंगणानं रातकिडा खाल्ला

जयवंताबाई खराटा हातात तसाच धरून स्वयंपाकघरात आल्या आणि चहा गाळत असलेल्या नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, आपल्या अंगणानं रातकिडा खाल्ला."

शालिकराम ढोमणे यांनी गाळणी खाली ठेवली. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून सकाळचा चहा त्यांच्याकडे होता. "कोणानं खाल्ला?"

"अंगणानं. तिकडे जास्वंदाच्या बुडाशी मी झाडून राहिली होती. रातकिडा चालत चालत आला. जमिनीनं तोंड उघडलं, त्याले आत घेतलं न बंद केलं. मग जशीच्या तशी माती."

शालिकरामांनी बायकोकडे नीट निरखून पाहिलं. "बीपीची गोळी घेतली का वं तू?"

जयवंताबाई मागे वळून परत अंगणात गेल्या. शालिकराम कप घेऊन त्यांच्या मागोमाग गेले. शहराच्या टोकाला बेसा भागात प्लॉट पाडून वसलेल्या त्या लेआउटमध्ये माती शिल्लक असलेली अंगणं थोडीच होती. ढोमण्यांच्या अंगणात कंपाउंडच्या भिंतीला लागून, जास्वंदाखाली, सावलीचा एक पट्टा होता, श्रावणात तिथे हिरवं शेवाळ धरायचं. शालिकरामांनी वाकून पाहिलं. शेवाळ होतं, दोन सुकलेली पानं होती, आणि माती होती.

"कुठे आहे तोंड?"

"इथंच होतं." जयवंताबाईंनी बोट दाखवलं, मग जरा बाजूला दाखवलं, मग हात खाली घेतला. आता त्यांनाही ते सापडत नव्हतं.

एवढ्यावर ते मिटलं असतं. पण शालिकरामांना गंमत सांगितल्याशिवाय चहा गोड लागत नसे. भिंतीपलीकडे शेजारचे भैय्याजी गाडी पुसत होते. "भैय्याजी," शालिकराम हसत म्हणाले, "आमच्या घरी जमीन उघडून राहिली म्हणते ही."

भैय्याजींच्या हातातलं फडकं थांबलं. त्यांचं ट्रान्सपोर्टचं गोदाम वाडीला होतं. रोज अख्खं शहर ओलांडून जाण्याचा कंटाळा येऊन त्यांनी तिकडेच फ्लॅट घेतला होता आणि इथलं घर विकायला काढलं होतं. खूप दिवसांनी आज संध्याकाळी एक गिऱ्हाईक घर पाहायला येणार होतं. भैय्याजी तसेच ओल्या हातांनी फाटक उघडून आत आले.

"किती उघडली?"

शालिकरामांनी अंदाजाने अंगठा आणि तर्जनी जोडून रुपयाएवढा गोल दाखवला.

भैय्याजींनी त्या गोलाकडे गंभीरपणे पाहिलं. "सुरुवात एवढीच असते, शालिकभाऊ."

"अहो, तसं नाही. रातकिडा..."

"कोणाले बोलू नका. संध्याकाळपर्यंत बिलकुल बोलू नका." असं बजावून भैय्याजी घरी गेले आणि त्यांनी आपल्या घराचा पाया भरणाऱ्या मिस्त्रीला फोन लावला. मिस्त्री त्या वेळी मागच्या गल्लीत कोणाच्या तरी गच्चीवर काम करत होता. त्याने घरमालकाला विचारलं, घरमालकाने दूधवाल्याला. दुपार व्हायच्या आत लेआउटच्या ग्रुपवर मेसेज आला: ढोमणे यांच्या आवारात जमीन खचली आहे, गाड्या लांब लावाव्यात.

लोक येऊ लागले. ज्यांच्या न्हाणीघराला गेल्या कित्येक वर्षांपासून भेग होती त्यांना ती आजच रुंदावलेली दिसली. एकांना आठवलं की लेआउट पडण्यापूर्वी इथे विहीर होती, आणि दुसऱ्यांना आठवलं की ती बुजवलीच नव्हती. कोणीतरी फाटकापासून जास्वंदापर्यंत कपडे वाळवायची दोरी बांधली. भैय्याजींनी गुपचूप आपली गाडी दोन गल्ल्या सोडून नेऊन लावली, ते पाहून बाकीच्यांनीही नेल्या.

जयवंताबाई येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होत्या, "खचली नाही हो. उघडली न मग बंद झाली." पण ते कोणी ऐकून घेत नव्हतं. खचलेल्या जमिनीचं काय करायचं ते लोकांना माहीत होतं. उघडून पुन्हा बंद होणाऱ्या जमिनीचं काय करायचं ते कोणालाच माहीत नव्हतं. शेवटी त्यांनी बोलणं सोडलं आणि आलेल्यांसाठी चहा केला. दुपारी नवऱ्याचं ताट वाढून त्या ओट्याकडे वळल्या. शालिकरामांनी भाजी चांगली झाल्याचं दोनदा सांगून पाहिलं.

ऊन उतरलं तसे भैय्याजी आले आणि हात जोडून उभे राहिले. "वहिनी, माह्यासाठी एक काम करा. लोकांना सांगा, तुम्हाले भास झाला. मी घर विकून मोकळा होतो, मग तुम्ही काही बी पाहा."

"म्हणून टाक ना वं," शालिकराम म्हणाले. "आपलं काय जाते?"

"तुमचं काही नाही जात," जयवंताबाई म्हणाल्या. "माह्ये डोळे जातात."

बत्तीस वर्षांच्या संसारात ही बाई वाढवून काही बोलल्याचं शालिकरामांना आठवेना. सकाळी आपण पहिला प्रश्न गोळीचा विचारला, दिसलं काय ते विचारलंच नाही, हे त्यांच्या लक्षात आलं, आणि ते तिथून उठून उगाच पाण्याची टाकी भरली का ते पाहायला गेले.

गिऱ्हाईक कामठीहून स्कूटरवर आलं. चारुशीला पराते, पन्नाशीच्या, कपाळावर हेल्मेटची खूण उमटलेली. सासरी तीन पिढ्या हातमाग चालले होते, ते आता बंद झाले होते, आणि मुलगी इथून जवळच्या मिहानमधल्या कंपनीत नोकरीला लागल्यामुळे त्यांना बेश्याकडे घर हवं होतं. भैय्याजींनी त्यांना घर भराभर दाखवलं. बाहेर येताना मात्र त्यांना दोरी दिसली आणि दोरीपलीकडे उभी असलेली माणसं दिसली.

"तिकडे काय आहे?"

"पूजा आहे," भैय्याजी म्हणाले.

"कसली?"

"जमिनीची."

चारुशीलाबाई स्वतःच फाटकातून आत गेल्या. दोरीपाशी जयवंताबाई उभ्या होत्या. "काय झालं, ताई?"

जयवंताबाईंनी भैय्याजींकडे पाहिलं. ते चारुशीलाबाईंच्या पाठीमागे हात जोडून उभे होते. जयवंताबाईंना त्या माणसाची दया आली. 'भास झाला' असं म्हणायला त्यांनी तोंडही उघडलं. पण तेवढ्यात चारुशीलाबाईंनी विचारलं, "तुम्हाले दिसलं काय नेमकं?"

दिवसभरात हा प्रश्न पहिल्यांदाच कोणी विचारला होता. जयवंताबाईंनी सगळं सांगितलं. रातकिडा कुठून आला, तोंड किती मोठं होतं, आतून दोन काळे पाय कसे बाहेर आले.

"पाय होते?" शालिकराम म्हणाले. "पायांचं तू मले नाही सांगितलं."

"तुम्ही सांगू दिलं का?"

दोघी बायका दोरीखालून वाकून गेल्या आणि भिंतीलगत उकिडव्या बसल्या. शालिकराम मोबाइलची बॅटरी लावून उभे राहिले. बराच वेळ काही सापडलं नाही. मग चारुशीलाबाईंचं बोट शेवाळावरच्या एका धाग्यापाशी थांबलं. धागा इतका बारीक होता की उजेड हलला की दिसेनासा व्हायचा. तो कडेच्या पानाला चिकटला होता. त्याच्या शेजारी दुसरा होता, तिसरा होता, आणि सगळे एकाच जागी जात होते. तिथे शेवाळात नखाच्या कोरीसारखी एक रेघ होती.

जयवंताबाईंनी केसातली पिन काढली आणि त्या रेघेत अलगद घालून वर उचललं. शेवाळासकट मातीची एक चकती वर आली, डबीचं झाकण उचलावं तशी. आणि लगेच आतून कोणीतरी ती खाली ओढली.

जयवंताबाईंनी पिन सोडली नाही. "ओढून राहिलं कोणी," त्या हळूच म्हणाल्या. "पाहा, हात लावून पाहा."

चारुशीलाबाईंनी पिन धरली. त्यांनाही ओढ जाणवली. मग शालिकरामांनी धरली. एवढीशी चकती, पण पलीकडे जे कोणी होतं ते आपलं घर उघडू देणार नव्हतं. शालिकरामांनी हळूहळू पिन सैल केली आणि झाकण आपल्या जागी बसलं. रेघसुद्धा उरली नाही. त्यांनी मोबाइलवर शोधलं आणि वाचून दाखवलं, तेही आवाज खाली घेऊन, कारण मोठ्याने वाचणं त्यांना बरं वाटेना. "कोळी आहे. जाळं नाही बांधत. जमिनीत बीळ खणते, त्याले दार बसवते, न दारामागं बसून राहते. मादी असते, ती वर्षानुवर्षं त्याच घरात राहते. बाहेर जे धागे आहेत ना, त्याले किड्याचा पाय लागला की तिले आत समजते."

"दार कशाचं आहे?" दोरीपलीकडून कोणीतरी विचारलं.

"मातीचं," चारुशीलाबाई म्हणाल्या. "पण आतून विणलेलं आहे. मी पाहिलं ना आता. पांढरं सफेद, एकदम दाट. बिजागरी बी सुताचीच आहे, एका बाजूनं, अशी की दार सोडलं की आपल्या वजनानं पडते." त्या जरा थांबल्या. "आमच्या घरी एवढे माग होते. असा पोत कोणाच्याच हातून नाही निघाला."

आता दोरीला अर्थ राहिला नव्हता. माणसं एकेक करून तिच्याखालून आत आली आणि गोल करून बसली. शालिकरामांनी घरातून पाट आणला आणि काही न बोलता बायकोजवळ ठेवला, कारण तिचे गुडघे दुखत असत. दिवेलागणीची वेळ होत आली होती. कोणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली, तेव्हा सगळ्यांनी रागाने तिकडे पाहिलं.

उजेड मळकट झाला तसं झाकण केसभर वर उचललं गेलं. त्या फटीत काळोख होता, आणि काळोखात कोणीतरी होतं. एक काळा भुंगेरा भिंतीकडून निघाला. तो पानावर चढला, उतरला, शेवाळापाशी थांबला, परत फिरतो की काय असं वाटलं. भैय्याजींनी शालिकरामांचं मनगट घट्ट धरलं. भुंगेऱ्याने एक पाय पुढे टाकला.

दार उघडलं आणि मिटलं. मधे काय झालं ते नंतर प्रत्येकाने वेगवेगळं सांगितलं. काहींना पाय दिसले, काहींना नुसती सावली, आणि एकांनी कबूल केलं की नेमकी त्याच वेळी त्यांची पापणी लवली. भुंगेरा नव्हता. शेवाळ जसंच्या तसं होतं.

"हिनं सकाळीच सांगितलं होतं," शालिकराम सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "मीच नाही ऐकलं." जयवंताबाई पाटावर बसून त्या जागेकडेच पाहत राहिल्या.

भैय्याजींचा जीव मात्र आता भांड्यात पडला होता. फाटकापाशी त्यांनी चारुशीलाबाईंना गाठलं. "पाहिलं ना मॅडम, जमीन एकदम मजबूत आहे. मग आपलं पक्कं समजू?"

"घर चांगलं आहे," चारुशीलाबाई म्हणाल्या. "पण तुमच्या अंगणात माती कुठे आहे?"

"माती?" भैय्याजी अभिमानाने म्हणाले. "एक कण नाही सापडणार. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सिमेंटचे गट्टू बसवले आहेत."

"मग तिचं लेकरू तिकडे आलं तर राहील कुठे?" एवढं विचारून त्यांनी हेल्मेट चढवलं. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. घर घ्यायचं आहे, पण भिंतीलगतची एक पट्टी मोकळी करून द्यावी लागेल.

रविवारी सकाळी भैय्याजींनी गट्टू उखडायला लोखंडी सब्बल काढली. पहिला घाव पडला तोच भिंतीवरून जयवंताबाईंचं डोकं वर आलं.

"भैय्याजी, हळू मारा. तिले हादरा बसते."

भैय्याजींनी सब्बल लगेच खाली ठेवली. आत जाऊन त्यांनी बायकोचं उलथणं आणलं, गट्टूशेजारी मांडी घातली आणि सांधीतली वाळू थोडी थोडी करून उकरायला सुरुवात केली. दहा वाजता त्यांनी उन्हाने लाल झालेला चेहरा भिंतीकडे वळवला.

"उठली तर नाही ना?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

जयवंताबाईंनी वाकून पाहिलं. "नाही," त्याही कुजबुजल्या. "दार लावलेलं आहे."