मोर छापाचा चहा

शामलाला बघायला इंदूरची मंडळी येणार हे कळल्यापासून पांडुरंगरावांचा जीव टांगणीला लागला होता. मुलीला नाव ठेवायला जागा नव्हती. भीती होती ती चहाची. मध्यस्थ जाता जाता सांगून गेला होता, "मुलगा, रमाकांत, विलायतेहून आल्यापासून रोझमंट चहाशिवाय दुसरा तोंडाला लावत नाही. उज्जैनीला मुलगी बघायला गेला, तो तेवढ्यावरूनच उठून आला!"

महाराजांच्या महसूल कचेरीला दांडी मारून पांडुरंगरावांनी पाटणकर बाजार पालथा घातला. रोझमंट म्हटलं की दुकानदार नुसते बघत राहायचे.

"नाम-वाम छोड़ो, पंडितजी. छाप बताओ! घोड़ा, मोर, कि घंटा?"

लष्कर शहरात इंग्रजी अक्षरं वाचून चहा घेतो कोण? डब्यावरचं चित्र हेच त्याचं नाव. पांडुरंगराव हात हलवीत घरी आले आणि बायकोला दबक्या आवाजात म्हणाले, "आपला हमेशाचा मोर छापच उकळ. कोणी पूछलं तर रोझमंट म्हणायचं."

"अहो, पकडले गेलो तर?"

"तर पोरगी घरात राहील. आणखी काय!"

मंडळी आली. शामलाने कप पुढे ठेवला. "खास रोझमंट मागवलाय," पांडुरंगराव कसंबसं म्हणाले. रमाकांतने घोट घेऊन डोळे मिटले.

"वा! हा खरा चहा. इकडच्या चहाला ही चव यायची नाही."

पांडुरंगरावांच्या जिवात जीव येतो न येतो, तोच मुलाची आई, विजयाबाई, बाहेर आल्या. स्वयंपाकघर बघायच्या निमित्ताने त्या आत गेल्या होत्या, आणि आता त्यांच्या हातात मोर छापाचा डबा होता.

"हाच का तुमचा विलायती?"

धरणी पोटात घेईल तर बरं, असं पांडुरंगरावांना झालं. ते हात जोडणार तेवढ्यात रमाकांतने डबा घेऊन उलटा केला. बुडाशी बारीक इंग्रजी अक्षरं होती. वाचता वाचता त्याचा चेहरा उतरला.

"आई, कंपनी तीच आहे. तिकडे रोझमंट म्हणून विकतात, इकडे मोर लावून."

आपण खोटं बोलायला गेलो आणि चुकून खरं बोललो, हे पांडुरंगरावांच्या ध्यानात यायला वेळ लागला. विजयाबाई मात्र लेकाकडे बघत होत्या.

"आल्यापासून माझ्या हातचा चहा बाजूला सारतोयस. आपल्या घरी कुठला डबा आहे रे?"

"मोर," रमाकांत पुटपुटला.

विजयाबाईंनी शामलाला जवळ बसवून घेतलं आणि त्या पांडुरंगरावांकडे वळल्या.

"मुलगी आम्हाला पसंत आहे. मुलगा पसंत आहे का, ते तेवढं तिला विचारून कळवा."