बाळारामदादांच्या थांबलेल्या गोगलगायी

मे महिन्यात अकराच्या उन्हात आमच्या कंपाउंडच्या भिंतीशी कोणी काळी छत्री उघडून उभा असला, आणि ती छत्री त्यानं स्वतःच्या डोक्यावर न धरता भिंतीवर धरली असली, तर तो माणूस बाळारामदादा समजावा. स्वतःचं टक्कल तापत ठेवून भिंतीला सावली देणारा दुसरा इसम अख्ख्या भिवंडीत नसेल. भिंतीला म्हणजे भिंतीवर चिकटलेल्या गोगलगायींना.

मी या सोसायटीचा सेक्रेटरी. गळके नळ, पार्किंगची भांडणं, गच्चीवरचे पापड हे सगळं मी सोसतो. पण गोगलगायींचा वकील माझ्याच इमारतीत राहायला यावा, हे मात्र मागच्या जन्मीचं पाप असणार.

दादा मूळचे वज्रेश्वरीकडच्या एका गावातले. उभा जन्म पॉवरलूमवर फिटर म्हणून गेला. बिघडलेला लूम चालू करणं हेच काम, त्यामुळे जगातली कुठलीही वस्तू बंद पडते यावर या गृहस्थांचा विश्वासच नाही. लिफ्ट बंद पडली की म्हणणार, "बंद न्हाय, थांबलीय." त्यांच्या घरातलं घड्याळ कित्येक वर्षं सव्वादोनच दाखवतंय, तेही थांबलेलं. एकदा सभेत मी तावातावानं सांगितलं, "दादा, पाण्याचा पंप जळलाय!" तर शांतपणे म्हणाले, "जळून थांबलाय." सगळी सभा हसत सुटली आणि माझा पार्किंगचा ठराव तसाच राहिला.

गोगलगायींच्या बाबतीत तर विचारूच नका. पोरांनी काडीनं एखादी उचकटली की हे दोन मजले उतरून खाली हजर. "मेली न्हाय रे ती! थांबली हाय!" मग प्रवचन. खालची जमीन तव्यासारखी तापते म्हणून ती भिंतीवर चढते. सावलीची बाजू धरते. शंखाच्या तोंडावर आपल्याच चिकट लाळेचा पडदा ओढते, तो सुतावरच्या खळीसारखा वाळून कडक होतो. ऊन वाढलं की ती आणखी आत सरकते आणि मागं दुसरा पडदा करते. खाणं नाही, पिणं नाही, काळीजसुद्धा हळू चालतं. अशी महिनोन्‌महिने राहते.

"आणि श्वास?" मी एकदा मुद्दाम खवचटपणे विचारलं.

"पडद्याला बारीक भोक ठेवते ना. येवढीशी फट. तेवढी न्हाय ठेवली तर आतच मरंल."

ज्या प्राण्यावर यांचेच गावचे भाऊबंद भाजी वाचवायला मीठ टाकतात, त्याचं हे कौतुक. भावाशी त्यावरून दादा वर्षभर बोलत नव्हते म्हणे.

बरं, स्वतः तरी वेगळे आहेत का? छत्रीची ड्युटी सोडली तर सगळा उन्हाळा घरात. खिडक्यांना ओली गोणपाटं आणि हे लादीवर पडून. बेल वाजवा, हाक मारा, उत्तर नाही. गंमत म्हणजे खिडक्या अशा बंद करणारा हा शहाणा घराचं दार मात्र बोटभर उघडं ठेवतो. जिन्यातली सगळी गरम हवा आत. मी दहादा सांगितलं, "दादा, दार लावा, घराची भट्टी होते." ते म्हणायचे, "असू दे." मी मनात म्हणायचो, गोगलगाय आणि पोटात पाय, यात काहीतरी डाव आहे.

या दारामागं आता ते एकटेच. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी मनीषा, तिनं आपल्या मनानं लग्न केलं तेव्हा याच दारात उभं राहून ते ओरडले होते, "परत हितं पाय ठेवू नको." सगळ्या इमारतीनं ऐकलं. पोरगी पण त्यांचीच, तिनं पाय ठेवला नाही. कशेळीला कुठल्याशा गोदामात कामाला आहे, एवढंच लोक सांगायचे.

यंदा भिंतीचं प्लास्टर करायचं ठरलं. पावसाच्या आत करणं भाग होतं. आणि दादा आडवे. "पाऊस पडंस्तोवर थांबा. मंग त्या आपल्याआपन जातील." पावसात प्लास्टर कोण करतं? गवंडी दोनदा परत गेला. तिसऱ्यांदा मी एक युक्ती केली. मला तेव्हा ती फार हुशारीची वाटली.

मी दादांना म्हणालो, "काल कशेळीला मनीषा दिसली. उद्या वज्रेश्वरीला देवीच्या दर्शनाला येणार म्हणत होती."

दादांनी पहिल्या बसची वेळ विचारून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, दाढी करून खाली आले. पहिल्या बसला निघाले होते. जाताना छत्री माझ्या हातात दिली. "सेक्रेटरी, अकरा ते चार धरा. येवढं करा."

मी काही कसाई नव्हे. एकाही गोगलगायीला हात लावायचा नाही, असं गवंड्याला बजावलं. पण जुन्या भिंतीवर प्लास्टर चढवायचं तर ती आधी पोटभर भिजवावी लागते. त्यानं पाइप लावला आणि दोन तास भिंतीला पाणी पाजलं. काय सांगू, तासाभरात सगळ्या गोगलगायी जाग्या! शिंगं काढून आपापल्या पायांनी, म्हणजे पोटांनी, भिंत उतरून चालत्या झाल्या. मी खूश. ज्यांच्यासाठी दोन आठवडे वाद घातला त्या न सांगता जागा रिकामी करून गेल्या. छत्री मिटून मी जेवायला गेलो.

दादा संध्याकाळी परतले. हातात प्रसादाची पुडी आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या हिरव्या बांगड्या. भिंतीकडे पाहिलं, मग खाली. दुपारच्या उन्हात तापलेल्या फरशीवर गोगलगायी जिथल्या तिथं वाळल्या होत्या. त्यांनी बसून एक उचलली, उलटी करून पाहिली. मी वाट पाहत होतो, आता म्हणतील थांबली हाय. ते म्हणाले नाहीत.

"पानी कोनी मारलं?"

"गवंड्यानं. भिंत भिजवावी लागते."

"ह्यांना वाटलं पाऊस आला. अंगातली वल खर्चून पडदा केलेला, तो फोडून भायेर आल्या. परत करायला वल कुठून आनायची?"

मला काहीतरी बोलायलाच हवं होतं. मी विचारलं, "मनीषा भेटली?"

"न्हाय." हातातला शंख त्यांनी खिशात ठेवला. "तुम्हाला ती दिसलीच नव्हती ना, सेक्रेटरी?"

मी मान खाली घातली.

"दिवसभर पायरीवर बसलो. दर बाई मना तीच वाटं." मग रागानं नाही, एखाद्याला रस्ता सांगावा तसं म्हणाले, "पुढच्या टायमाला खरंच दिसली तरच सांगा."

दुसऱ्या दिवशी त्यांचं दार बंद होतं. फट नव्हती. ती फट कुणासाठी होती ते मला तेव्हा कळलं, आणि मला माझी फार लाज वाटली. पोटात पाय कुणाचे होते तेही कळलं.

त्यानंतर मी स्कूटर घेऊन कशेळीला जायला लागलो. गोदामांना तिथं अंत नाही आणि ट्रकांमधून वाट नाही. तिसऱ्या खेपेला मनीषा सापडली. पुठ्ठ्याच्या खोक्यांना पट्टी मारत होती.

"बाबांनी पाठवलं?" तिनं विचारलं.

हो म्हणणं किती सोपं होतं! मी नाही म्हणालो आणि सगळं सांगितलं. प्लास्टर, वज्रेश्वरी, बांगड्या, काही लपवलं नाही.

"मागं एकदा जिन्यापर्यंत आले होते मी," ती म्हणाली. "दार थोडं उघडं दिसलं. पण धीर नाय झाला. अजून उघडं असतं का?"

"आता बंद असतं. माझ्यामुळे."

तिनं पट्टीचं रीळ खाली ठेवलं.

"मग वाजवायला लागंल," ती म्हणाली. "सहाला माझी ड्युटी सुटते."

आता पाच वाजलेत. मी गोदामाच्या गेटावर दादांची छत्री घेऊन उभा आहे. दादांना फोन केलेला नाही. ती खरंच जिना चढेपर्यंत करणार नाही.