सगळ्यांच्या वर मोठ्या बाई

एक तारखेपासून शाळेची घंटा संगणक वाजवणार, ही सूचना घड्याळकाकांनी स्वतःच वर्गावर्गांत फिरवली. सूचना फिरवणं हे शिपायाचंच काम, त्याला ते तरी काय करणार? प्रत्येक शिक्षकाने ती वाचली, खाली सही केली आणि उद्या इस्पितळात भरती होणाऱ्या माणसाकडे बघावं तसं काकांकडे बघितलं.

एकतीस वर्षं शाळेची पितळी घंटा काकांनी वाजवली होती. गणिताचे सर त्या घंटेवर आपलं मनगटी घड्याळ लावायचे. काकांचं नाव घड्याळकाका पडलं ते त्यावरूनच. आता निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना घंटा हातातून जाणार होती आणि उरणार होतं ते फळे पुसणं आणि फाटक उघडणं.

"आता रुसून बसणार का?" काकूंनी भाजी चिरता चिरता विचारलं.

"रुसायचं काय त्यात? माझ्या जागेवर येतोय तो आहे तरी कोण, ते आत शिरून बघतो."

काका नोकरीला लागले तेव्हा त्यांना सहीसुद्धा येत नव्हती. पहिलीच्या वर्गाबाहेर स्टूल टाकून, तीन वर्षं पहिलीच ऐकून, ते वाचायला शिकले होते. त्यामुळे नवीन काही शिकायचं म्हटलं की ते घाबरत नसत. स्टूल कुठे ठेवायचं एवढाच प्रश्न असे. या वेळी त्यांनी ते कचेरीत ठेवलं.

कचेरीत कारकून होती, काकांच्या मुलीच्या वयाची. तिला सगळे ताई म्हणत. तिच्या टेबलावर एक जुना, कुणीतरी शाळेला दिलेला संगणक होता. तो काम करताना शिट्टी बिघडलेल्या कुकरसारखा फुसफुसायचा.

"ताई, याच्या आत घंटा कोण वाजवतं?"

"घंटेचं नंतर. आधी हे बघा, याला मेंदू एकच. एका वेळी एकच काम करू शकतो."

"एकच? मग तुमचं गाणं चाललंय, टायपिंग चाललंय, कोपऱ्यात घड्याळ चाललंय, ते कसं?"

"पाळीपाळीने. क्षणभर याला मेंदू द्यायचा, क्षणभर त्याला. इतकं भरभर, की आपल्याला सगळं एकदम चाललंय असं वाटतं."

"आणि तुझा वेळ संपला, आता ऊठ, हे कोण सांगतं?"

"ऑपरेटिंग सिस्टीम."

काका स्टुलावरून उठून उभेच राहिले. "म्हणजे शिपाई."

ताई हसली, मग जरा विचार करून म्हणाली, "खरंच की."

त्या दिवशी काका घरी चालत आले नाहीत, जवळजवळ पळत आले. "अगं, त्याच्या आत मीच आहे," त्यांनी दारातूनच सांगितलं.

"मग हा चपला काढतोय तो कोण?" काकू म्हणाल्या.

ताईने त्यांना एक जाडजूड पुस्तक दिलं. काका एकेका ओळीवर बोट ठेवून ते वाचू लागले, आणि पानापानाला त्यांना शाळा दिसू लागली. मेमरी म्हणजे वर्गातले बाक. बाक भरले की ज्यांचं आत्ता काम नाही त्यांना व्हरांड्यात बसवायचं, आणि नाव पुकारलं की आत घ्यायचं. कुणी कळ दाबली की हातातलं काम तसंच ठेवून आधी तिकडे बघायचं. फाटकावर पालक येऊन उभा राहिला तर काका दुसरं काय करत होते? एकतीस वर्षं आपण जे करत आलो, त्यावर कुणीतरी एवढं जाड पुस्तक लिहिलंय, या आनंदात त्यांना जेवताना भाजी आळणी लागली तेही कळलं नाही. काकूंनी ती मुद्दाम तशी करून बघितली होती.

पान चौऱ्याऐंशीवर त्यांना प्राधान्य भेटलं. कुठल्या कामाला आधी वेळ द्यायचा हे माणूस ठरवू शकतो. कमी, साधारण, जास्त, आणि सगळ्यांच्या वर 'रिअलटाइम'. काकांनी ते पान दुमडून ठेवलं.

एक तारीख उजाडली. त्याच दिवशी शाळेची पाहणी करायला वरून साहेब येणार होते. मुख्याध्यापिकांनी, म्हणजे मोठ्या बाईंनी, कडक सूचना काढली होती: 'संगणकाची घंटा झाल्याशिवाय कोणीही तास संपवू नये.' सवयीने दोन-दोन घंटा होऊ नयेत म्हणून काकांची लाकडी हातोडी त्यांनी कपाटात ठेवून कुलूप लावलं होतं. किल्ली त्यांच्या पर्समध्ये.

साहेब सव्वादहालाच आले. त्यांना सभागृहात दाखवायची शाळेची फिल्म संगणकावर तयार होत होती, आणि ती अडली होती बेचाळीस टक्क्यांवर. ताई पडदा लावायला सभागृहात गेली. मोठ्या बाई दारातून डोकावल्या.

"काका, फिल्मचं कुठवर आलं?"

"बेचाळीस, बाई."

"माझं भाषण अकराच्या घंटेपर्यंत आहे. त्यानंतर लगेच फिल्म हवी. बघा काहीतरी."

इतक्या वर्षांत मोठ्या बाईंनी काकांना 'फाटक बघा', 'नळ बघा' असं पुष्कळदा सांगितलं होतं. संगणक बघा असं पहिल्यांदाच. काकांनी खिशातून चष्मा काढला, पान चौऱ्याऐंशी उघडलं, आणि फिल्मच्या नावावर, माउस म्हणतात तो उंदीर नेऊन प्राधान्याची यादी काढली. बाईंचं काम ठेवायचं कुठे, हा प्रश्नच नव्हता. त्यांनी सगळ्यांच्या वरचं दाबलं. संगणकाने विचारलं, यामुळे इतर कामं अडखळतील, चालेल का? मोठ्या बाईंचं काम असताना काकांनी आजवर कुणालाच 'चालणार नाही' म्हटलं नव्हतं. त्यांनी 'हो' दाबलं.

त्रेचाळीस, चव्वेचाळीस, सत्तेचाळीस. काकांचा आनंद गगनात मावेना. एकावन्नला आकडा थांबला. पंखा मात्र जोरात फिरत होता, म्हणजे आत काम चालू होतं. त्यांनी उंदीर हलवला. पडद्यावरचा बाण जागचा हलला नाही. कोपऱ्यातलं घड्याळ दहा बावन्नवर उभं होतं. भिंतीवरचं म्हणत होतं, दहा सत्तावन्न.

अकरा वाजले. घंटा झाली नाही.

अकरा दहाला ताई धावत आली. "काका, घंटा का नाही झाली?"

"ताई, मी मोठ्या बाईंना वर बसवलं."

"कुठे?"

"सगळ्यांच्या वर."

ताईने पडद्याकडे बघितलं, वीस मिनिटं एकेक कळ दाबून बघितली आणि मग खुर्चीत बसली. "सगळा वेळ फिल्मच खातेय. घड्याळाला वेळ नाही, उंदराला नाही, घंटेला नाही. बटणाने बंद केला तर फिल्म जाईल."

"आणि नाही केला तर?"

"तर शाळा सुटणार नाही."

बाहेर सूचनेचं पालन चाललं होतं. खेळाच्या सरांनी मुलांना घंटा होईपर्यंत पळा असं सांगितलं होतं. आता काही मुलं चालत होती, काही बसून पुढे सरकत होती, आणि सर स्वतः झाडाला टेकले होते. गणिताच्या सरांचं उदाहरण फळ्यावरून उतरून भिंतीवर गेलं होतं. चौथीचा वर्ग स्वागतगीताचा सराव करत होता, अकराव्यांदा. सभागृहात मोठ्या बाईंनी भाषणाला शेवटच तयार केला नव्हता, कारण शेवट घंटा करणार होती. शाळेचा इतिहास संपवून त्या आता आवारातल्या झाडांकडे वळल्या होत्या, आणि झाडं चाळीस होती.

"पितळी घंटा वाजवतो," काका म्हणाले.

"थांबा." ताईने आवाज खाली आणला. "पहिल्याच दिवशी संगणक अडकला, त्याला हात तुम्ही लावला होता, आणि घंटाही तुम्हीच वाजवली. सगळे काय म्हणतील? मुद्दाम केलं म्हणतील. नुसते बसून राहा. जुना संगणक, आपोआप अडकला, असं मी सांगते."

हे काकांच्या डोक्यातच आलं नव्हतं. ते क्षणभर स्टुलावर बसले. खिडकीतून पटांगण दिसत होतं. बसून सरकणाऱ्यांतलं एक मूल आता आडवं पडून सरकत होतं.

"पोरं पळतायत, ताई," ते म्हणाले, आणि उठले.

हातोडी कुलपात होती. त्यांनी पाण्याच्या टाकीजवळचा लोखंडी पाना उचलला आणि अकरा सदतीसला घंटेवर असा हाणला, की मोठ्या बाई सव्विसाव्या झाडाच्या मध्यातच थांबल्या. टाळ्या सर्वांत आधी साहेबांनी वाजवल्या, आणि त्या मनापासून होत्या.

मुलं पाणी पिऊन पुढच्या तासाला जेमतेम बसली, तेवढ्यात कचेरीत फिल्म पूर्ण झाली. मेंदू मोकळा झाला. संगणकाला एकेक राहिलेलं काम आठवलं, आणि अकरा चव्वेचाळीसला त्याने अकराची घंटा इमानदारीने वाजवली. सगळी शाळा पुन्हा बाहेर आली.

फिल्म छान झाली होती. ती बघून झाल्यावर मोठ्या बाईंनी काकांना कचेरीत बोलावलं. साहेबही तिथेच चहा घेत होते.

"काका, खरं सांगा. हे तुम्ही मुद्दाम केलंत?"

ताई दाराशी मानेनेच नको नको म्हणत होती.

"मुद्दामच केलं, बाई," काका म्हणाले. "तुमचं काम आधी व्हावं म्हणून. पण चुकलं. एकालाच सगळा वेळ दिला की बाकीचे मरतात, आणि घंटा वाजवणाराच रांगेत मागे पडला, की त्या एकाला थांबवायला कुणी उरत नाही. पुस्तकात हे होतं. पान पंच्याऐंशीवर. मी चौऱ्याऐंशीलाच थांबलो."

साहेबांनी कप खाली ठेवला. "बाई, यांना हे कुणी शिकवलं?"

"स्टुलाने," ताई पुटपुटली.

मोठ्या बाईंनी पर्स उघडली, किल्ली काढली आणि टेबलावरून काकांकडे सरकवली. "घंटा तुम्हीच वाजवा. आणि या संगणकावर एक सूचना लिहून लावा, म्हणजे परत असं व्हायला नको."

दुसऱ्या दिवशी काकांनी सूचना लिहून आणली. पहिलीतल्या मुलासारखी मोठी, गोल अक्षरं: 'यावर कोणालाही सगळ्यांच्या वर बसवू नये. यात मोठ्या बाई आल्या.' शाळेतली कुठलीही सूचना सहीशिवाय लागत नसे, म्हणून ते कागद घेऊन बाईंसमोर उभे राहिले.

बाईंनी तो दोनदा वाचला. वर बघितलं. काकांचा चेहरा घंटा वाजवताना असायचा तसाच होता. बाईंनी पेन उचललं आणि सही केली.

"शनिवारी सभागृहात माझं भाषण आहे," कागद परत देताना त्या म्हणाल्या. "मला किती मिनिटं?"

"दहा, बाई."

"पंधरा करा."

काकांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

"अकरा," ते म्हणाले.