ऊन, कॅप्सूल आणि दामले काका

माझी हाडं आज जाग्यावर आहेत ती दामले काकांमुळे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून तसं वाटणार नाही.

दामले काका माझे बिबवेवाडीतले घरमालक. रोज संध्याकाळी पाण्याचा पेला घेऊन माझ्या खोलीच्या दारात उभे राहतात. मी कॅप्सूल गिळली की म्हणतात, "जीभ." मी दाखवतो. "वर उचल." उचलतो. मग पेला घेऊन जातात. पेला त्यांचा आहे.

ही तपासणी माझ्या हुशारीमुळे सुरू झाली. मी भंडाऱ्याचा, आठवीतून शाळा सोडलेला. इथे एका सॉफ्टवेअर कंपनीच्या गेटवर वॉचमन. किडन्या निम्म्याहून जास्त थकल्यात. त्यामुळे गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी चवताळल्या आणि हाडांतलं कॅल्शियम ओढायला लागल्या. त्यावर डॉक्टरांनी ड जीवनसत्त्वाची कॅप्सूल दिली. आता ड जीवनसत्त्व उन्हातून मिळतं, एवढं आठवीपर्यंत शिकवतात. मी तर दिवसभर उन्हातच. म्हटलं, कॅप्सूल कशाला? बंद केली.

पुढच्या तपासणीत त्या ग्रंथींचं हार्मोन आणखी चढलेलं. डॉक्टर म्हणाले, असंच चढलं तर हाडं ठिसूळ होतील, गळ्याचं ऑपरेशनही करावं लागेल. मी घाबरून काकांना सगळं सांगितलं. एरवी ते मला अरे-तुरे करतात. राग आला की 'आपण'.

"आपण स्वतःला खडकवासल्याची म्हैस समजता? उन्हात पडलं की झालं?"

"पण काका, ऊन..."

"ऊन म्हणजे कच्चा माल. तो कामाचा करते किडनी. आपली किडनी संपावर आहे, म्हणून डॉक्टर तयार माल देतायत. कळलं, की मोठ्यांदा सांगू? शेजारीही शिकतील."

त्या दिवसापासून पेला सुरू.

परवा हार्मोन उतरल्याचा रिपोर्ट आला. मी पेढे घेऊन गेलो.

"पेढ्यात दूध, दुधात फॉस्फरस, किडनीला वर्ज्य. आजाराला पार्टी देताय का आपण?" म्हणत खोका स्वतःकडे ओढला. "रिपोर्ट वाच."

मी अडखळत आकडा वाचला. "परत." परत वाचला. मग कागद स्वतः घेतला आणि बराच वेळ बघत राहिले. कागद उलटा होता.

"काका, डोळे?"

"मोतीबिंदू. पिकलाय म्हणे. आंबाच जणू."

"मग ऑपरेशन?"

"सोबत माणूस लागतो, दवाखान्यातले म्हणाले. मुलगा अमेरिकेत, त्याला सुट्टी नाही. मी विचारलं, एकटा आलो तर माझा डोळा सापडणार नाही का तुम्हाला?" आणि पेढा तोंडात टाकून खिडकीकडे वळले.

सुपरवायझरकडे सुट्टी मागायची माझी हिंमत होत नाही. तरी मागणार आहे. काकांचं सगळं या जन्मात फिटायचं नाही, पण त्या दवाखान्यात "यांच्यासोबत कोण?" असं विचारतील, तेव्हा पुढे मी होईन.