केदारीचं अठरावं होल

केदारी मुतगेकरचा कान गेला आणि त्याचा गोल्फ सुधारला. दोन्ही गोष्टी एकाच वर्षात घडल्या, पण त्यांचा एकमेकींशी काही संबंध असेल असं त्याच्या येळ्ळूर गावात कुणाच्या डोक्यात आलं नाही. केदारीच्या तर नाहीच नाही. रोज सकाळी नाचण्याची आंबील प्यायला लागल्यापासून आपला हात बसला, असं त्याचं ठाम मत होतं. बायको शालूबाईचं मत वेगळं होतं. तिनं राजहंसगडाच्या देवाला पाच सोमवार बोलले होते.

केदारी आता बासष्टचा. बाराव्या वर्षी तो बेळगावच्या गोल्फ मैदानावर साहेबलोकांच्या काठ्यांची पिशवी वाहायला लागला, तिथंच माळी म्हणून चिकटला आणि तिथूनच निवृत्त झाला. गवत कापता कापता तो खेळ शिकला. फटका असा मारायचा, की कोट-टाय घातलेली माणसं हातातला चहा विसरून बघत राहायची. पण मैदानाच्या वार्षिक करंडकाला सभासद आणि आजी-माजी कामगार सगळेच एकत्र खेळायचे, आणि तिथं केदारीचं काहीतरी बिनसायचं. नऊ वेळा तो सतराव्या होलपर्यंत पुढं होता आणि नऊही वेळा अठराव्या, म्हणजे शेवटच्या होलला हरला. एकदा तर चेंडू भोकापासून जेमतेम वीतभर लांब राहिला होता. केदारी वाकला, काठी धरली, तेवढ्यात मागून कुणीतरी कुजबुजलं, "आता बघा, हुकतंय हे." आणि केदारी हुकला.

तेव्हापासून गावात त्याच्या नावाचा शब्दच झाला. पोरगं दोन मार्कांनी नापास झालं की मास्तर म्हणायचे, "केदारी झाला की रं तुझा." ऊस भरलेला ट्रॅक्टर अगदी कारखान्याच्या वजनकाट्यासमोर येऊन बंद पडला की ड्रायव्हर कपाळाला हात लावून तेच म्हणायचा. केदारी ऐकायचा आणि चारचौघांत हसायचा. घरी आल्यावर मात्र भाकरी अर्धीच खाऊन उठायचा.

आणि आता या वयात तो अचानक जिंकायला लागला होता. दर रविवारच्या खेळात त्यानं आपल्यापेक्षा वीस-वीस वर्षांनी लहान माणसांना धूळ चारली. यंदाच्या दोन दिवसांच्या करंडकात शनिवारचा खेळ संपला, तेव्हा सगळ्यांत कमी फटके त्याला लागले होते आणि तो तब्बल तीन फटक्यांनी पुढं होता. दुसऱ्या नंबरावर होता नागराज, शहापूरचा साड्यांचा व्यापारी, गेल्या तीन वर्षांचा विजेता.

शनिवारी संध्याकाळी केदारी घरी आला, तर सून सौम्या हातात एक छोटी डबी घेऊन दारातच उभी.

"आप्पा, उद्या किती वाजता?"

"कुठं वाजायलंय? मला काय ऐकू येत न्हाय."

"तेच तर!" सौम्या म्हणाली.

सौम्या खासबागेत कानाच्या डॉक्टरांकडं कामाला होती. दिवसभर तिथं दुसऱ्यांच्या कानांची काळजी घ्यायची आणि घरी येऊन सासऱ्यापुढं घसा फाडायचा, याचा तिला कंटाळा आला होता. मागच्या महिन्यात ती त्याला 'चला, फिरून येऊ' म्हणून घेऊन गेली आणि तपासून आणलं. आज मशीन आलं होतं. नखाएवढं यंत्र तिनं त्याच्या कानामागं बसवलं, मोबाईलवर काहीतरी दाबलं आणि विचारलं, "आप्पा, आता?"

"वरडालीस कशाला?" केदारी दचकून म्हणाला.

घरात एकदम गर्दी झाल्यासारखं त्याला वाटलं. फ्रिज गुरगुरत होता, पंखा करकरत होता. आणि स्वयंपाकघरातून शालूबाई नेहमीच्या आवाजात स्वतःशीच बोलत होती, "कान आला म्हणून काय झालं, या माणसानं माझं ऐकलंय कवा?"

"मी ऐकलं ते," केदारी म्हणाला.

आतून पातेलं पडल्याचा आवाज आला. गेलं वर्षभर शालूबाई मनात येईल ते बिनघोर बोलत आली होती. त्यातलं काय काय आता बंद करावं लागणार, याची ती उजळणी करत असावी.

"डॉक्टरांनी सांगिटलंय, पहिले आठ दिवस झोपताना सोडून काढायचं न्हाय," सौम्या म्हणाली. "आवाज मी मोबाईलवरनं कमीजास्त करते. उद्या मी आणि आत्ती, दोघी सासवा-सुना बघायला येणार आहोत."

सुनेनं एवढ्या मायेनं आणलेली वस्तू. केदारीनं मान हलवली.

रविवारी सकाळी पहिल्या होललाच त्याला कळलं की काहीतरी चुकतंय. वर्षभर हे मैदान त्याच्यासाठी देवळाच्या गाभाऱ्यासारखं शांत होतं. आज मात्र बघायला आलेल्या पन्नास माणसांपैकी प्रत्येकाचं खोकणं, शेंगा फोडणं, चपला घासणं त्याच्या डोक्यात शिरत होतं. तो वाकला, की मागून स्पष्ट ऐकू यायचं, "तीननं पुढं हाय म्हणं. काय उपयोग? अठरावं यायचंय अजून."

पहिला फटका झाडीत गेला.

केदारीचा हात आपसूक कानाकडं गेला. बाजूला खुर्चीवर बसलेल्या शालूबाईनं तिथूनच डोळे वटारले. सौम्यानं काळजीनं मोबाईल काढला. सासऱ्याला ऐकू येत नसावं असं वाटून तिनं आवाज दोन घरं वाढवला. आता केदारीला गवतातल्या किड्याचे पायसुद्धा ऐकू यायला लागले.

पाचव्या होलला नवंच सुरू झालं. काठी उचलायला आणि कानात 'टिंग!' वाजायला एकच गाठ पडली.

"रवळू," त्यानं आपल्या जुन्या जोडीदाराला विचारलं, "घंटी कुठं वाजायली रं?" रवळूनंही त्याच्याबरोबरच पिशव्या वाहायला सुरुवात केली होती आणि आज त्यानं हौसेनं केदारीची पिशवी खांद्याला लावली होती.

"घंटी? न्हाय बा."

"आत्ता वाजली की!"

रवळूनं मैदानभर नजर फिरवली आणि मग काळजीनं केदारीकडं बघितलं. घंटी खरंच वाजत होती, पण ती फक्त केदारीच्या कानात. यंत्र त्याच्या मागोमाग चालणाऱ्या सौम्याच्या मोबाईलला जोडलेलं, आणि रविवारची सकाळ म्हणून तिच्या गल्लीतल्या भजनी मंडळाच्या बायका एकमेकींना फुलांची चित्रं पाठवत होत्या. एकेका चित्रागणिक केदारीचा चेंडू कधी वाळूच्या खड्ड्यात, तर कधी नाल्यात जात होता. सौम्याला याची कल्पनाच नव्हती. मैदानाचा नियम म्हणून तिनं फोनचा आवाज बंद केला होता आणि नियम पाळल्याचं तिला समाधान होतं.

"काय री केदारीअण्णा, आराम आहे न्हवं?" नागराजनं नवव्या होलला विचारलं.

"टिंग," केदारी म्हणाला.

नागराज रवळूकडं वळला. रवळूनं घाईनं पुढची काठी काढून केदारीच्या हातात दिली.

सतरावं होल संपेपर्यंत तीन फटक्यांची आघाडी पार धुऊन गेली होती. दोघं बरोबरीत आले. ही बातमी कशी कोण जाणे, पण कँटीनपर्यंत पोचली आणि अठराव्या होलभोवती आणखी शंभर माणसं जमली. येळ्ळूरहून एक टेंपो भरून लोक आले होते. त्यांच्यातल्या दोघांनी हलग्याही आणल्या होत्या, पण वाजवायच्या की नाही हे ठरत नव्हतं.

नागराजनं आपला चेंडू नीट भोकात घालून मोकळा श्वास घेतला. आता केदारीचा चेंडू भोकापासून सात-आठ हातांवर होता. एका फटक्यात गेला तर करंडक केदारीचा. दोन लागले तर बरोबरी आणि पुन्हा खेळ. पण अठराव्या होलला केदारीनं दोनात आटपल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

केदारी चेंडूपाशी आला. सगळं मैदान चिडीचूप, आणि त्या चिडीचूपीत त्याला दीडशे माणसांचा श्वास वेगवेगळा ऐकू येत होता. 'देवा, एकदा सुटू दे यातनं,' एवढंच तो मनात म्हणाला आणि वाकला.

तेवढ्यात त्याच्या डाव्या कानात एक बाई बोलायला लागली.

"सौम्या, अगं ऐक, इथं काय तमाशा झालाय सांगते!"

आवाज ओळखीचा होता. विहीणबाई. निपाणीच्या मालुबाई. केदारीनं दचकून मागं बघितलं. मालुबाई तिथं कुठंच नव्हत्या.

जवळच खुर्चीवर सौम्या फोन कानाला लावून हळूच "हॅलो, हॅलो" करत होती. तिला काहीच ऐकू येईना, कारण आईचा आवाज थेट सासऱ्याच्या कानात चालला होता. रेंज नसेल म्हणून तिनं फोन तसाच पर्समध्ये टाकला. पलीकडून कुणी उत्तर देतंय की नाही, याची मालुबाईंना कधीच गरज पडायची नाही. त्या पुढं बोलत राहिल्या.

"आज आमच्या शेजारच्या रचनाची वास्तुशांत न्हाय का? गच्चीवर मांडव घातलाय, केळीचे खुंट बांधल्यात. भटजी उठले, पावणे ताटावर बसले आणि गोठ्यातली म्हैस सुटली! सुटली ती सुटली, केळीच्या वासानं जिना चढून गच्चीवर गेली!"

"गच्चीवर?" केदारीच्या तोंडून मोठ्यानं निघालं.

दीडशे माणसांनी एकमेकांकडं बघितलं. "गेलं बिचारं," येळ्ळूरच्या टेंपोतलं कुणीतरी म्हणालं. शालूबाईनं डोळ्याला पदर लावला.

"केदारी, वेळ होतोय," पंच हळूच म्हणाले.

"व्हय, व्हय." केदारीनं काठी धरली. त्याचा कान मात्र निपाणीत होता.

"पाच महिन्यांची गाभण म्हैस गं! खुंट खाल्ले, मांडव ओढला आणि आता खाली यायला तयार न्हाय. जिन्याच्या तोंडाशी येती, पायऱ्या बघती आणि मागं सरती. गल्लीतल्या भरमूनं पुढनं ओढली, आण्णाप्पानं मागनं ढकलली. तर आण्णाप्पाला तिनं असं केलं..."

काय केलं ते नीट ऐकू यावं म्हणून केदारीनं मान जराशी तिरकी केली, आणि मध्ये हे एक काम उरलंय ते उरकून टाकावं, अशा हातानं चेंडूला टोला दिला.

पुढं काय झालं ते त्याला कळलंच नाही. एकदम आभाळ कोसळल्यासारखा गलका झाला. हलग्या कडाडल्या. रवळूनं पिशवी फेकून त्याला मिठी मारली. मालुबाईंचा आवाज त्या गदारोळात बुडाला.

"गप बसा की जरा!" केदारी दोन्ही हात वर करून ओरडला. "आण्णाप्पाला काय केलं ते ऐकू दे!"

हे त्याचं विजयाचं भाषण असावं असं समजून लोकांनी आणखी टाळ्या वाजवल्या. सौम्या धावत आली, फोटो काढायला पर्समधून फोन काढला, तर त्यावर आईचा कॉल अजून चालूच. तिनं घाईघाईनं तो बंद केला.

केदारीच्या कानातली निपाणी गप्प झाली.

"कट कशाला केलीस गं?"

सौम्यानं फोनकडं बघितलं, मग सासऱ्याच्या कानाकडं. सकाळपासूनचं सगळं तिच्या ध्यानात आलं आणि तिचा चेहरा उतरला. "आप्पा, म्हणजे ते मेसेजसुद्धा...?"

"ते राहू दे. आईला परत फोन लाव."

करंडक घेताना केदारीनं नमस्कार केला, फोटोला उभा राहिला आणि नागराजचा हात हातात घेतला.

"अण्णा, शेवटाला काय मंत्र म्हटला री?" नागराजनं विचारलं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"म्हैस," केदारी म्हणाला.

मालुबाईंचा फोन लागला. म्हैस अजून गच्चीवरच होती. गल्ली गोळा झाली होती, कुणी क्रेन आणायची म्हणत होतं आणि रचना रडत होती.

"क्रेन नको! गाभण हाय म्हणता आणि टांगताय व्हय?" केदारी फोनमध्ये म्हणाला. "जनावर उतरताना पायऱ्या बघून भ्यातं. तिला कुणी ओढू नका. मी आलोच."

"अवो, गावात मिरवणूक काढायची म्हणालीत माणसं," शालूबाई म्हणाली.

"मिरवणूक काय, उद्या बी निघती. ती म्हैस उद्यापर्यंत राहील काय वर?"

सौम्यानं गाडी काढली, शालूबाई तिच्या शेजारी बसली. मागच्या सीटवर केदारी आणि रवळू, मध्ये करंडक. हत्तरगी गेलं, संकेश्वर गेलं. येळ्ळूरहून फोनवर फोन येत होते. शालूबाई प्रत्येकाला तेच सांगत होती, "व्हय, जिंकलेत. न्हाय, गावात न्हाय. निपाणीला, म्हशीसाठी."

निपाणीत केदारीनं सगळ्या जिन्यावर ओली माती आणि वर भाताचं पिंजर, वाळका पेंढा, टाकून उतार करून घेतला. म्हशीच्या डोळ्यांवर पोतं बांधलं, मानेवर हात ठेवला आणि तिच्याशी बोलत बोलत एकेक पाऊल तिला खाली आणलं. सगळी गल्ली बघत होती. शेवटच्या पायरीशी म्हैस थबकली. केदारीही थांबला, तिला गोंजारत राहिला. मग ती उतरली. रचनानं त्याचे पाय धरले. गाडीत करंडक आहे हे सांगायचं कुणालाच सुचलं नाही, आणि जेवणं झाल्यावर सगळे परत निघाले.

दिवेलागण झाली होती. केदारीनं करंडक मांडीवर घेतला होता आणि त्याच्या कडेवरून तो बोट फिरवत होता.

"रवळू," तो अचानक म्हणाला, "मी बघितलाच न्हाय रं."

"काय?"

"चेंडू. चाळीस वर्षं त्याची वाट बघितली आणि गेला तवा माझं ध्यान दुसरीकडंच. कसा गेला?"

रवळू सावरून बसला. "कसा म्हणजे, टोला बसला तसा सरळ निघाला. मग मधल्या उताराला डावीकडं वळाला. आम्ही म्हटलं, गेला लांब. पण परत आत आला, हळूहळू, आणि भोकाच्या अगदी कडेवर जाऊन थांबला."

"थांबला?" केदारीचा आवाज बारीक झाला.

"थांबला की. सगळ्यांचा जीव वर. आणि मग पडला."

केदारीनं मान मागं टेकली. डोळे मिटले.

"परत सांग," तो म्हणाला. "पयल्यापासनं. आणि कडेवर थांबला म्हणालास न्हवं, तिथं जरा जास्त वेळ लाव."